सफरचंदाचे गुलगुले

आमच्या बिदरकडच्या कमलनगरात कुणाच्या हातात सफरचंदाची पिशवी दिसली की माणसं एकच विचारतात, "कोण आजारी हाय?" पेरू माणूस हौसेनं खातं, सीताफळ खातं, आंब्याचा तर रस करून वाटीनं पितं. सफरचंद तेवढं दवाखान्यात न्यायला. आमच्याकडं ते पिकत न्हाई, लांबून येतं, एकेकाला ते चकचकीत स्टिकर लावलेलं असतं, आन् ते बघून आजारी माणसाला वाटतं की आपली काहीतरी कदर केली. खात मात्र कुणीच न्हाई. आजाऱ्याच्या तोंडाला चव नसती, आन् घरच्यांना वाटतं आजाऱ्याचं आपण कसं खायचं. मग घरातलं कुणी दुसऱ्या दुखणाईताला भेटायला निघालं की तीच पिशवी उचलायची. भागाबाईच्या दिराला मी दिलेली पिशवी फिरून फिरून माझ्याच चुलत सासूच्या उशाला बघितलीय मी. गाठ मी स्वतः मारलेली होती, ती सुद्धा कुणी सोडली नव्हती.

एवढं सगळं सांगायचं कारण, ह्या आखाडात तशी एक पिशवी आमच्या घरी आली, आन् ती माझ्या हातात दिली.

आणली चन्नबसप्पा अण्णांनी. हुमनाबादला त्यांची धान्याची अडत हाय. आमच्या मालकांची, म्हणजे श्रीपतरावांची, आन् त्यांची दोस्ती तुरीच्या पोत्यावर बसून झालेली, माझ्या लग्नाच्या बी आधीची. अण्णा येताना केळी आणतात न्हाईतर हायवेवरचा खारा चिवडा. ह्या खेपेला सफरचंदं, लाल आन् मुठीत न मावणारी. "अक्का, आत ठेवा," म्हणले आन् माझ्याकडं बघायचं सोडून खाली बघायले. मग दोघं ओट्यावर बसून बारीक आवाजात कानडीतून बोलायले. माझं माहेर करजगी, अफजलपूर तालुक्यातलं, कानडी मला काय नवं न्हाई. पण मी चहा घेऊन गेले की तुरीचा भाव काढला. तुरीचा भाव बोलताना आमच्याकडं कुणी आवाज बारीक करत न्हाई.

अण्णा गेले आन् भालकीचा चुलत दीर आला. त्याच्या बी हातात सफरचंद. मग माझा लेक बालाजी, ज्याचं स्टँडाजवळ खताचं दुकान हाय, तो संध्याकाळी घेऊन आला. कोपऱ्यातली टोपली भरली.

"कशाला रे आणलास?" मी विचारलं.

"खा की आई. रक्त वाढतं."

आता ऐका. ज्येष्ठात मला एकदा चक्कर आली होती. बालाजीनं उदगीरला नेऊन रक्त तपासून आणलं आन् सांगितलं, सगळं नॉर्मल हाय. सगळं नॉर्मल हाय तर माझं रक्त वाढवायचं कामून? सून विजयश्रीला विचारलं तर ती म्हणाली, "आत्या, तुम्हीच खावा. तुमच्यासाठीच आणलेत." एवढं गोड बोलली की माझ्या अंगावर काटा आला. विजयश्री वाईट पोरगी न्हाई, पण तिला तोंड हाय. मी एक बोलले की ती दीड बोलणार, हे आमचं ठरलेलं. त्या आठवड्यात मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलले, चादर नीट झटकली न्हाई म्हणून बोलले, आन् ती नुसतं "व्हय आत्या" म्हणाली. तेव्हा मला पक्कं कळलं की माझं काही खरं न्हाई.

मला काहीतरी मोठं झालंय, सगळ्या घराला माहीत हाय, आन् मला कुणी सांगंना.

का सांगत न्हाईत, ते बी मला माहीत होतं. मागच्या साली माझ्या बहिणीचे मालक, मारोती भावजी, सोलापूरला छातीच्या ऑपरेशनला चालत गेले आन् गाडीत झोपून आले. तिथं कुणी आम्हाला धड काही सांगितलं न्हाई, आम्ही बी विचारलं न्हाई. काय विचारायचं तेच कळत नव्हतं. परत आल्यावर मी ह्याच ओट्यावर उभी राहून सगळ्यांदेखत म्हणले होते, माझ्या घरचं माणूस मी त्या टेबलावर झोपू देणार न्हाई, आलंच मरण तर घरात येऊ दे. गल्लीनं ऐकलंय. मग मला कोण सांगणार?

पण मला काय झालंय ते कळल्याशिवाय मला चैन पडंना. मी भित्री न्हाई, चौकशी मात्र लई. आरशात जीभ बघितली. डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. बालाजी जेवायला आला तेव्हा दुकानात जाऊन खताच्या काट्यावर उभी राहिले. वजन वाढलं होतं. मरणाऱ्या माणसाचं वजन वाढत न्हाई, म्हणून बरं वाटलं. मग वाटलं, सूज असली तर वाढतंच की.

शेवटी भागाबाईकडं गेले. भागाबाई समोरच्या घरातली. आम्ही दोघी एकाच साली ह्या गल्लीत सून म्हणून आलो. बुद्धपौर्णिमेची तिची खीर पहिली माझ्याकडं येती आन् आखाडाचे माझे गुलगुले पहिले तिच्याकडं जातात. ती खोटं बोलत न्हाई, फक्त अर्धं बोलती.

"भागाबाई, मी आजारी दिसायले का?"

तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "काल नळावर नेत्रावतीसंग भांडलीस. अख्खी गल्ली बाहेर आली होती. आजाऱ्याला एवढा दम असतोय व्हय, राजाक्का?"

"मग माझ्या घरी सफरचंदं कामून यायलेत?"

सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबला. "हौ," म्हणाली, "हे मात्र खरं हाय." मग म्हणाली, "तुझ्या घरात तू एकटीच राहतीस का?"

"म्हणजे?"

"काय न्हाई. उगं विचारलं." आन् सुपारी तोंडात टाकली. सुपारी तोंडात गेली की तिच्याकडून दुसरा शब्द निघत न्हाई. मी घरी आले.

मी बी हट्टाला पेटले. एक सफरचंद तोंडाला लावलं न्हाई. खाल्लं म्हणजे मी आजारी हाय हे कबूल केलं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. टोपलीला गोडसर वास सुटला, एकदोन मऊ पडले.

आखाड म्हणजे आमच्यात तळणाचा महिना. मंगळवार न्हाईतर शुक्रवार बघून घरोघर कढई चढती. गुलगुले, कापण्या, तिखट पुऱ्या. मरीआईला निवद दाखवायचा आन् गल्लीत वाटायचं. त्या शुक्रवारी विजयश्री म्हणाली, "आत्या, ह्या साली गुलगुल्यात सफरचंद घालू का? मी मोबाईलवर बघितलंय. बारके बारके करायचे, एका घासाचे."

मला लगेच कळलं. वासराला गोळी द्यायची असली की आपण गुळाच्या खड्यात दाबून देतो. मी सफरचंद खाईना म्हणून आता गुलगुल्यात दाबून देणार.

"कर," म्हणलं. "मी इथंच बसायले." पाट घेतला आन् गॅसच्या कट्ट्यापाशी बसले. बघू दे तरी ही काय काय घालती.

तिनं गूळ कोमट पाण्यात भिजवून गाळून घेतला. गव्हाचं पीठ, त्यात मूठभर रवा, चिमूटभर मीठ, बडीशेप. इथपर्यंत आमचंच होतं. मग सफरचंदं सोलायला घेतली. सालं लांबच्या लांब निघायली आन् आतला गर पांढराशुभ्र. ह्याचे तिनं हरभऱ्याएवढे तुकडे केले. मी वाकून बघायले. बघता बघता पांढरे तुकडे तांबूस पडायले.

"हे कामून असं व्हायलंय?"

"हवा लागती, आत्या." तिनं वरून लिंबू पिळलं. तांबूस व्हायचं थांबलं.

मला नवल वाटलं, पण मी तसं दाखवलं न्हाई. मग तिनं डब्यातून दालचिनी काढली आन् खलबत्त्यात टाकली.

"ही तर मटणाची."

"सफरचंदाला चालती, आत्या."

"कोण म्हणलं?"

"सगळे म्हणतात."

"कोण सगळे? मला एक नाव सांग."

एरवी ह्यावर तिनं मला चांगलं सुनावलं असतं. ती नुसती हसली आन् कुटत राहिली. म्हणलं राजाक्का, तुझं लई वाईट असणार.

पहिला घाणा फसला. तुकड्यांना पाणी सुटलं होतं, पीठ सैल झालं. तिनं बोटानं गोळे सोडले तर तेलाला फेस आला, गुलगुले पसरून एकमेकाला चिकटले आन् हे एवढं तेल पिऊन बसले. "पीठ घाल," मी म्हणलं. तिनं घातलं. दुसऱ्या घाण्याला दगड निघाले. भागाबाईला दिले असते तर तिचा उरलेला दात गेला असता. दोघी एकमेकीकडं बघत बसलो. निवद राहिला होता, तेल तापलेलं, सफरचंद चिरलेलं. मग विजयश्रीनं थोडा विचार केला. नवं पीठ भिजवलं. तुकडे कापडावर टिपले, कोरड्या पिठात घोळवले, आन् सोडायच्या वक्ताला मूठ मूठ तुकडेच पिठात मिसळून लगेच तेलात सोडायली. आता गोळे गोल राहिले. फुगले. खालची बाजू लाल झाली की आपले आपण उलटायले. गुलगुला आपणहून उलटला की समजायचं, जमलं.

मरीआईला निवद दाखवला आन् मी एक तोंडात टाकला. वरचं कुरकुरीत, मग गुळाचं मऊ, आन् मधी एक गरम तुकडा, जीभ भाजणारा, आंबट-गोड. बोरासारखं न्हाई, चिंचेसारखं न्हाई, दुसरंच कायतरी. दालचिनीचा वास नाकातून वर गेला. मला लई राग आला, कारण मला आवडलं. औषधाची चव लागती का ते बघायला मी दुसरा खाल्ला. त्यात काही सापडलं न्हाई म्हणून तिसरा खाल्ला.

आमच्या मालकांचं आखाडाचं एक ठरलेलं हाय. कढई चढली की ते सैपाकघराच्या दारात येऊन उभे राहणार, निवदाच्या आधी हात घालणार, मी हातावर झारा मारणार. आमचं लग्न झाल्यापासून असंच. त्या दिवशी ते आलेच न्हाईत. मी हाक मारली तेव्हा आले, वाटी घेतली, "झकास झालेत," म्हणले आन् ओट्यावर गेले.

"इथंच खावा की."

"दाढ दुखायलीय. हळूहळू खातो."

वाटी रिकामी आली. ती वाटी घेताना विजयश्रीनं बालाजीकडं बघितलं आन् बालाजीनं मान खाली घातली. मला वाटलं, माझ्यावरूनच.

जेवताना मला राहवलं न्हाई. "मला काय झालंय ते आता सांगून टाका," मी म्हणलं. "मी मेल्यावर सांगून काय उपयोग? मला कळायला पाहिजे."

"आई, तुला काहीच झालेलं न्हाई. तुझी शपथ." बालाजीचा आवाज चिरकला. शपथ घेताना पोराच्या डोळ्यात पाणी येतं म्हणजे काय, ते कळण्याएवढी मी म्हातारी हाय. मालक ताटात बघत होते. मला मरणाची भीती अशी कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली, आन् सगळ्यात वाईट म्हणजे ती कशाची ते कळंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं घेऊन बसले. मालकांचा पांढरा सदरा हातात आला. छातीच्या खिशाला तेलाचा डाग, तळव्याएवढा. खिसा जड लागला. आत हात घातला तर गुलगुले. कालचे सगळे. मुंग्या लागलेल्या.

त्यांनी एक बी खाल्ला नव्हता. खाल्ल्यासारखं दाखवून खिशात घातले होते.

मी धुण्याच्या दगडावर तशीच बसले. पाणी वाहायलंय, मी बघायले. हे माणूस आखाडात हातावर झारा खाऊन गुलगुला पळवणारं. मग एकेक गोष्ट आपली आपण उलटायली. सायकल महिनाभर भिंतीला टेकून हाय. रानात जाताना ते ओढ्याच्या पुलावर बसतात, म्हणतात गार वारा लागतो. मधी ट्रॅक्टरच्या कागदाला म्हणून बालाजीसंग बिदरला गेले, आन् आमचा ट्रॅक्टर केव्हाचा आमच्या नावावर हाय. पिशव्या माझ्या हातात दिल्या सगळ्यांनी, पण बसले सगळे त्यांच्यापाशी. आन् भागाबाई म्हणाली होती, तुझ्या घरात तू एकटीच राहतीस का.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मी आजारी न्हाई. मग हातातला सदरा पुन्हा दिसला, आन् मला वाटलं, त्यापेक्षा मीच असते तर बरं झालं असतं.

तळलेलं खायचं न्हाई हे कुठल्या दुखण्याला सांगतात, मला माहीत होतं. मारोती भावजींना तेच सांगितलं होतं.

मी रडले न्हाई. ओरडायचं तर लई होतं मनात, पण मी म्हणलं आधी माणसाच्या पोटात आखाडाचं पडू दे. सदरा धुतला, वाळत घातला. मग सैपाकघरात गेले.

"विजयश्री, तुझ्या माहेरचा पड्डूचा तवा काढ."

तिच्या आईनं हुमनाबादहून दिलेला बिडाचा तवा, आप्प्यांचे खळगे असलेला. मीच तो माळ्यावर टाकायला लावला होता, जागा अडवतो म्हणून.

"आता कशाला, आत्या?"

"कालचंच करायचं. पण तळायचं न्हाई. खळग्यात तेलाचं नुसतं बोट फिरवायचं."

तिचा हात तसाच राहिला. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिला कळलं की मला कळलंय. पोरीच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायलं.

"पिठात पाडू नको," मी म्हणलं. "खारट व्हईल."

तव्याला वेळ लागतो. पीठ जरा सैल पाहिजे, आच बारीक पाहिजे, वर झाकण पाहिजे. पहिले चिकटून बसले, सुईनं उकरून काढले. नंतर तवा सरावला. कडा सुटायल्या, मी सुईनं एकेक उलटायले. तळल्यासारखे कुरकुरीत झाले न्हाईत, पण गोल झाले, लालसर झाले, आन् मधला तुकडा तसाच गरम आंबट-गोड. "आत्या, दालचिनी?" तिनं विचारलं. "घाल जरा जास्त," मी म्हणलं.

वाळलेला सदरा काढला, सुई-दोरा घेऊन पाच मिनिटं बसले, आन् तो मालकांना घालायला दिला. मग वाटी घेऊन ओट्यावर गेले. विजयश्री दारात. बालाजी जेवून पुन्हा दुकानाला निघालेला, तो बी थांबला.

"खा," मी म्हणलं.

मालकांनी वाटीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दाढ..." म्हणले. एक उचलला आन् हात सवयीनं खिशाकडं गेला. खिसा उघडंना. बोटानं चाचपून बघितलं.

"शिवून टाकलाय," मी म्हणलं. "ह्यात तेल न्हाई. तव्यावरचे हायेत. खा."

त्यांनी तो तोंडात टाकला. सावकाश चावला. मी त्यांच्यापाशी खाली बसले.

"कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"धुणं धुताना. खिशात ठेवायचं तर ठेवा, नंतर काढून फेकायचं तरी."

"फेकवंना," ते म्हणले. "आखाडाचं होतं. तुमच्या दोघींच्या हातचं."

"काय सांगितलंय बिदरला?"

ते बालाजीकडं बघायले. बालाजी म्हणला, "काळजाची नळी तुंबलीय. जाळी बसवायची म्हणले. गुरुवारी कलबुर्गीला बोलावलंय, शुक्रवारी करणार."

"मला कवा सांगणार होता?"

"आल्यावर," मालक म्हणले.

"आन् आला न्हाईत तर?"

तेव्हा मी ओरडले. नळावर ओरडले होते त्याच्या दुप्पट. मला मेलेली समजून सफरचंदं चारत होता का, म्हणलं. मी मनातल्या मनात बियाणाच्या तुरीच्या कोठीची किल्ली कुणाला द्यायची ते ठरवून बसले होते, म्हणलं. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या हातावर झारा मारला त्या माणसाचं दुखणं मला गल्लीच्या मागून कळावं व्हय? भागाबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली, आन् तिनं सुपारी तोंडात टाकली.

मी दमल्यावर मालक म्हणले, "तू जाऊ दिलं नसतंस. मारोतीच्या वेळेला तू ह्याच ओट्यावर बोललीस. म्हणून मीच सगळ्यांना गप केलं."

ते खरं होतं. अजून बी माझ्या तोंडात तेच होतं, न्हाई जाऊ देणार. मी बोलले असते तर ते गेले नसते, हे मला माहीत होतं. त्यांनी आयुष्यात माझा शब्द मोडला न्हाई. म्हणजे आता सगळं माझ्या एका शब्दावर होतं, आन् मला त्याची लई भीती वाटली.

"बालाजी, बस इथं," मी म्हणलं. "जाळी म्हणजे काय? मला नीट सांग. सोलापूरला आम्हाला कुणी सांगितलं न्हाई आन् आम्ही विचारलं न्हाई. मला कळायला पाहिजे."

बालाजी खाली बसला. "आई, आपल्या उसाला ठिबकची नळी हाय न्हवं? क्षार बसून ती आतून बारीक व्हती, मग पुढच्या बुडख्याला पाणी जात न्हाई. तसं झालंय."

"ठिबकला आपण आम्ल सोडतो."

"इथं आम्ल सोडता येत न्हाई. आत बारकी जाळी नेऊन फुगवतात, नळी उघडी राहती."

"नेतात कुठून? छाती फाडून?"

"मनगटातून."

मी मालकांचं मनगट हातात घेऊन उलटंपालटं केलं. "इथून? ते छातीपर्यंत कसं जातं?" त्यानं सांगितलं. "माणूस जागा असतो का?" असतो म्हणला. "मारोती भावजींचं असंच होतं का?" त्यांचं निराळं होतं, छाती उघडली होती, लई उशीर झाला होता. "ह्यांना उशीर झालाय का?" न्हाई, म्हणला, पण आणखी केला तर व्हईल. आणखी लई विचारलं मी. जेवढं कळत गेलं तेवढी भीती जागेवर बसत गेली. गेली न्हाई, पण कुठं हाय ते तरी कळलं.

वाटीत एकच राहिला होता. मी तो उचलून मालकांच्या हातावर ठेवला.

"गुरुवारची बस किती वाजता हाय?" मी विचारलं. "खिडकीची जागा ह्यांना, तिच्या शेजारची मला."

मालकांनी माझ्याकडं बघितलं आन् तो गुलगुला तसाच हातात धरून बसले. मग खाल्ला.

गुरुवारी सकाळी विजयश्री आन् मी तवा पुन्हा चढवला. "आत्या, पीठ सैल झालंय, मी सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचं तोंड परत आलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला उलटून बोलले सुद्धा न्हाई. एक डबा भागाबाईला दिला, एक बरोबर घेतला. टोपलीतली उरलेली सफरचंदं पिशवीत भरली. तिकडं बालाजीच्या ओळखीच्यांकडं उतरायचं होतं. पड्डूचा तवा तिकडं कुणाच्याही घरी असतो.

बस हुमनाबादला थांबली तेव्हा एक बाई चढली आन् आमच्या पलीकडच्या सीटवर बसली. माझ्या मांडीवरची पिशवी तिनं बघितली. चेहरा लगेच बारीक केला आन् कानडीत विचारलं, कोण आजारी हाय अक्का?

मी मालकांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेरची तुरीची रानं बघायले होते. त्यांनी ऐकलं होतं, कारण त्यांची मान हलली न्हाई.

"कुणी न्हाई," मी म्हणलं. "आमच्या घरी आवडीनं खातात." आन् डबा उघडून तिच्यापुढं धरला.

तिनं एक घेतला, चावला, थांबली. "हे कशाचं हाय?"

"सफरचंदाचं."

तिला पटलं न्हाई, पण तिनं दुसरा घेतला. मालकांनी खिडकीकडून तोंड न वळवता माझ्यापुढं हात पसरला. मी त्यावर दोन ठेवले. त्यांचं खाऊन होईपर्यंत मी माझा हात त्यांच्या शिवलेल्या खिशावर ठेवून बसले. आत धडधड चालू होती, ती मला हाताला लागायली. बस कलबुर्गीच्या रस्त्याला लागली तरी मी हात काढला न्हाई.